शेपटीला दोन पंखे

प्रतिमाअक्का देसूरकरांच्या घरी कुणी लग्नपत्रिका द्यायला आलं, की त्या तारीख-मुहूर्त नंतर बघायच्या. आधी पत्रिका दोन बोटांत धरून कागदाची जाडी बघायच्या. "छान आहे हो," असं म्हणायच्या, आणि देणाऱ्याला वाटायचं, आपल्या निवडीचं कौतुक झालं. पत्रिका लाल असली तर पाहुण्यांना चहाबरोबर चिवडाही मिळायचा.

लग्न पार पडलं की पत्रिका त्यांच्या कात्रीखाली यायची. त्यातही नियम होता. पत्रिकेवरचा गणपती आधी कडेकडेनं सोडवून घ्यायचा. देवाच्या अंगावरून कात्री फिरवायची नाही. 'श्री' असला तर तोही काढून ठेवायचा. असे सुटे गणपती देवघराखालच्या डब्यात साठायचे आणि अनंत चतुर्दशीला निर्माल्याबरोबर पाण्यात जायचे. उरलेल्या कागदाची हेलिकॉप्टरं व्हायची. लाल अंगाची, पोटावर निळा-हिरवा मोर रंगवलेली, हातभर लांब. हवाई दलाचा 'सारंग' म्हणून जो हेलिकॉप्टरांचा कसरती संघ आहे, त्याची ती हेलिकॉप्टरं. वरून लालभडक, आणि आत वाकून पाहिलं तर कुणाचं तरी 'चि. सौ. कां.' आणि 'आपले आगमन प्रार्थनीय'.

एकसष्टाव्या वर्षी हे कुठून सुरू झालं, असं विचारणाऱ्यांना प्रतिमाअक्का सांगायच्या, "उत्तर मिळालं नाही म्हणून."

त्यांना प्रश्न पडायची खोड लहानपणापासूनची. बेळगावात वडिलांची छत्री उघडते कशी, हे बघायला त्यांनी ती पूर्ण सोडवली होती, आणि ती परत जुळली नाही म्हणून वडील आठ दिवस भिजत कचेरीत गेले होते. पुढे आईनं हात गुंतून राहावेत म्हणून शेजारच्या यल्लव्वाकडे कसुती शिकायला धाडलं. कसुती म्हणजे इरकली लुगड्यांवर, खणांवर असतो तो कशिदा. त्यात कापडावर आधी नक्षी काढत नाहीत. कापडाचे धागे मोजायचे आणि मोजूनच मोर, गोपुर, पालखी उभी करायची. यल्लव्वा कधी सुलट बाजू बघायचीच नाही. "उलटं कर," एवढंच म्हणायची. मागच्या बाजूला गाठ दिसली, नाहीतर टाका वेडावाकडा दिसला, की सगळं उसवायला लावायची. पुढून जसा मोर, तसाच तो मागून दिसला पाहिजे. प्रतिमाअक्कांना ते इतकं आवडलं, की पुढं आयुष्यभर त्यांनी कुठलीही वस्तू हातात घेतली की पहिल्यांदा उलटी केली. भाजीवाल्याकडची दुधी असो नाहीतर जावेनं आणलेली साडी.

लग्न होऊन त्या बेंगळुरूला आल्या. नवरा दामोदर एचएएलमध्ये, विमानांच्या सरकारी कारखान्यात नोकरीला. बेळगावात सगळ्यांना वाटलं, जावई विमानं बांधतो. जावई कँटीनमध्ये होता. चौतीस वर्षं त्यांनी तिथं हजारो माणसांच्या इडल्या, सांबार आणि कॉफी सांभाळली आणि पर्यवेक्षक होऊन निवृत्त झाले. माणूस कामाला चोख, पण बायकोच्या प्रश्नांपुढं हैराण.

के. आर. पुरमच्या त्यांच्या गच्चीवरून हेलिकॉप्टरं जायची. वाळत घातलेले सांडगे राखत प्रतिमाअक्का वर बघत बसायच्या.

"ओ, डोक्यावर एवढा मोठा पंखा आहे, तर शेपटीला तो छोटा कशाला?"

"असतो."

"असतो ते दिसतंय की. कशाला असतो?"

"अगं, ते डिझाइनवाल्यांना विचार. मला विचारायचं तर दोनशे माणसांच्या सांबाराला डाळ किती, ते विचार."

"ते मला येतं."

मग एका वर्षी यलहंक्याच्या हवाई शोचे दोन पास दामोदररावांना कुणाकडून तरी मिळाले. डोक्यावर पदर, हातात दशम्यांचा डबा, असं उन्हात उभं राहून प्रतिमाअक्कांनी पहिल्यांदा ती मोरांची हेलिकॉप्टरं पाहिली. चारी एका रांगेत आली, फुटली, दोन इकडून आणि दोन तिकडून, आणि एकमेकांच्या अंगावरून गेल्यासारखी गेली. लोक ओरडले. प्रतिमाअक्कांनी हात जोडले. त्यांना कुठलीही मोठी गोष्ट पाहिली की हात जोडायची सवय होती. पण हात जोडलेले असतानाच त्यांचं लक्ष शेपटीकडे होतं. मोर तर सरस्वतीचा, मोर कार्तिकेयाचा. देवांना त्याच्यावर बसताना शेपटीला पंखा लागला नाही. मग याला का?

घरी आल्यावर त्यांनी वर्तमानपत्राची सुरळी केली. ती होती सुरुवात.

पहिलं हेलिकॉप्टर दुधीसारखं झालं. दुसऱ्याचं नाक बसलं. मैद्याची खळ करून लावली तर कागदाला भोकं पडली, झुरळांची सोय झाली. मग फेव्हिकॉल आला, विणकामाच्या सुया आल्या, दाताच्या काड्या आल्या. गोल नळीला कागद कसा कापावा, हे त्यांना परकराच्या कळ्यांवरून सुचलं. सपाट कापडाच्या कळ्या जोडल्या की घेर येतो, तर सपाट कागदाच्या कळ्या जोडून नाक का येणार नाही? आलं. त्या दिवशी त्यांनी देवाला साखर ठेवली.

मुलगा अजिंक्य पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आई, इंटरनेटवर तयार नमुने मिळतात ना. प्रिंट काढ, काप, चिकटव. रेडी."

"आणि मग मी काय करू?"

"म्हणजे?"

"सगळं त्यांनीच शोधून ठेवलं असेल तर मी काय शोधू?"

त्या फोटोंवरून काम करायच्या. पेपरातली कात्रणं, आणि दामोदररावांच्या फोनवर थांबवून थांबवून बघितलेली चित्रफीत. डाव्या अंगाचा फोटो, उजव्या अंगाचा फोटो, चौकटींच्या वहीत मोजून उतरवायचा. मोर तर त्यांना यायचाच. कसुतीतला मोर त्यांनी घरं मोजून कागदावर चढवला. अडीच वर्षांत चार हेलिकॉप्टरं मनासारखी झाली.

घोटाळा झाला तो दामोदररावांच्या फोनमुळं. ते रोज सकाळी निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर देवाचा फोटो टाकत. एकदा देवाऐवजी हेलिकॉप्टर टाकलं. तिथून ते फिरत फिरत ऋतुराज नावाच्या तरुणाकडे पोचलं. हा पुण्याचा, इंदिरानगरात कुठल्या तरी कंपनीत कामाला, आणि कागदी विमानं करणाऱ्यांचा एक गट चालवणारा. त्याचा निरोप आला, 'दामोदर सर, हॅट्स ऑफ! एचएएलचा एक्स्पीरियन्स दिसतो.'

दामोदररावांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. प्रतिमाअक्का भाकरी थापत होत्या. त्या इतक्या हसल्या, की भाकरी तुटली.

"सर म्हणे! सांगा की त्याला, बायकोनं केलंय."

"सांगतो, सांगतो."

सांगायचं राहिलं. रोज एक नवा निरोप यायचा आणि दामोदरराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे.

"अगं, ते मधलं गोल कशाचं आहे? ज्याच्यावर पाती बसतात ते?"

"इंजेक्शनच्या बाटलीचं रबरी झाकण."

दामोदरराव लिहायचे, 'रबर.' मग पलीकडून चार अंगठे यायचे. हळूहळू ते फोन घेऊन बाल्कनीत बसू लागले. चष्मा पुसू लागले. एकदा तर प्रतिमाअक्कांना म्हणाले, "पुढच्या वेळी शेपटी जरा बारीक घे. आमच्या गटात चर्चा झाली."

"तुमच्या गटात?" एवढंच प्रतिमाअक्का म्हणाल्या.

जानेवारी संपता संपता ऋतुराजनं कळवलं, की पुढच्या महिन्यात हवाई शो आहे, त्या निमित्तानं इंदिरानगरच्या एका हॉलमध्ये कागदी विमानांचं तीन दिवसांचं प्रदर्शन आहे, आणि कसरती संघांच्या टेबलावर मधोमध सरांची चार हेलिकॉप्टरं हवीत. पाठोपाठ कार्डाचा फोटो आला. टेबलावर ठेवायचं कार्ड. वर मोराचं चित्र, खाली अक्षरं: 'निर्मिती: श्री. दामोदर देसूरकर, एचएएल (निवृत्त).'

प्रतिमाअक्कांनी गॅस बारीक केला. कार्ड वाचलं. गॅस पुन्हा मोठा केला.

आपल्याला काय त्याचं, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. कसुतीच्या खणावर तरी कोण नाव घालतं? पण संध्याकाळी दिवा लावताना आरतीचं एक कडवं गळलं, हे त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी दुसरं गळलं. खणावर नाव नसतं हे खरं, पण खणावर दुसऱ्याचंही नाव नसतं.

"ओ, ते कार्ड बदलायला सांगणार ना?"

"अगं, छापलंय त्यांनी. आणि आपण दोघं काय वेगळे आहोत का?"

"नाही ना? मग माझं घाला की."

दामोदररावांनी फोन उपडा ठेवला. मग म्हणाले, "हसतील गं लोक. चार महिने सर, सर करतायत."

ते ज्या आवाजात बोलले, तो आवाज प्रतिमाअक्कांनी फार वर्षांत ऐकला नव्हता. या माणसाला चौतीस वर्षांत कुणी सर म्हटलं नव्हतं. 'देसूरकर, कॉफी' म्हटलं होतं, 'देसूरकर, आज मीठ कमी आहे' म्हटलं होतं. प्रतिमाअक्कांनी विषय सोडला. सोडला म्हणजे बोलायचा सोडला. देवापुढं बसलं की तो त्यांच्याआधी येऊन बसायचा. नवऱ्याचं उतरलेलं तोंड एकीकडे, आणि अडीच वर्षं दुसरीकडे.

शुक्रवारी मांडामांड होती. मिठाईच्या चार मोठ्या खोक्यांत जुन्या मऊ साड्यांचे तुकडे घालून हेलिकॉप्टरं निजवली आणि दोघं मेट्रोनं निघाले. स्टेशनवर खोकी तपासणीच्या यंत्रात सरकवायला प्रतिमाअक्का तयार होईनात.

"एनु इदु?" रखवालदारानं विचारलं. हे काय आहे?

"हेलिकॉप्टर," दामोदरराव म्हणाले.

रखवालदारानं दोघांकडे नीट पाहिलं. झाकण उघडून आत पाहिलं. मग दुसऱ्याला बोलावून दाखवलं. "स्वल्प, जरा हळू घेऊन जा, अक्का," असं म्हणून त्यानं खोकी स्वतः पलीकडे नेऊन दिली.

हॉलमध्ये जिकडेतिकडे कागदी विमानं. नऊ-नऊच्या बाणासारख्या रांगा, दोऱ्यांनी टांगलेल्या. परदेशी संघांची निळी, हिरवी, काळी विमानं. प्रतिमाअक्का एकेकाला वाकून, मागून, खालून बघत होत्या आणि त्यांना कुणी विचारत नव्हतं. त्या दामोदर सरांच्या मिसेस होत्या. ऋतुराजनं त्यांना खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली, "आंटी, तुम्ही बोअर होणार बहुतेक," असं म्हणाला आणि सरांना घेऊन टेबलाकडे गेला.

चारी हेलिकॉप्टरं मधोमध मांडली गेली. लोक गोळा झाले. त्यात सौम्या नावाची एक मुलगी होती, हेलिकॉप्टरांच्याच कामातली इंजिनीअर. तिनं आधी टेबलाला एक फेरी घातली. मग खाली वाकली, या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं.

"सर," ती म्हणाली, "शेपटीला एरडु फॅन?"

दोन पंखे. चारही हेलिकॉप्टरांच्या शेपटीला डावीकडे एक, उजवीकडे एक.

"एकच असतो ना, सर? एका बाजूला?"

खुर्चीवर बसलेल्या प्रतिमाअक्कांनी दोन्ही फोटो मनातल्या मनात पुन्हा समोर धरले. डाव्या अंगाच्या फोटोत पाती दिसत होती. उजव्या अंगाच्या फोटोतही, शेपटीच्या कडेला, पात्यांची टोकं दिसत होती. म्हणजे दोन. इकडे एक तर तिकडे एक. त्यांना शंकासुद्धा आली नव्हती. इकडे आहे ते तिकडे असायचंच, हे हाताला पन्नास वर्षं ठाऊक होतं. एकाच पंख्याची टोकं पलीकडूनही दिसू शकतात, हे डोक्यात आलंच नव्हतं.

दामोदरराव खाकरले. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"ते... नव्या डिझाइनमध्ये आहे," ते म्हणाले. "बाहेर फारसं बोलायचं नसतं."

"ओ!" ऋतुराज हळूच म्हणाला. "कॉन्फिडेन्शियल?"

दामोदररावांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळू नये अशी.

सौम्याच्या कपाळावर आठी आली, पण एचएएलमध्ये चौतीस वर्षं काढलेल्या माणसापुढं काय बोलणार? बाकीच्यांचे चेहरे उजळले. बँकेतून निवृत्त झालेले देवव्रत म्हणून एक गृहस्थ शेजारच्या टेबलावर अर्धवट हेलिकॉप्टर घेऊन बसले होते. "बरं झालं कळलं. मग मीही दुसरा लावून टाकतो," असं म्हणत त्यांनी फेव्हिकॉलचं टोपण उघडलं. आणि ऋतुराजनं खिशातलं पेन काढून कार्डावर, निर्मितीच्या खाली, लिहायला घेतलं: 'विशेष: शेपटीला दुहेरी पंखा.'

प्रतिमाअक्का बघत होत्या. तीन दिवस माणसं येणार. पोरंबाळं येणार. वाचणार. घरी जाऊन सांगणार. नाव नसणं एक वेळ चाललं असतं. ती काय, खणाची रीत. पण हे म्हणजे उसवायचा टाका तसाच ठेवून वर त्याला नक्षी म्हणायचं झालं. यल्लव्वानं काय केलं असतं, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्या उठल्या. "देवव्रतभाऊ, टोपण लावा," त्या म्हणाल्या. "लावू नका दुसरा."

सगळे वळले.

"नवं डिझाइन वगैरे काही नाही. ती चूक आहे. माझी."

"तुमची म्हणजे, आंटी?" ऋतुराजचं पेन थांबलं.

"मी केलंय ना ते. चारही. मीच चुकले."

हॉलमध्ये वरचा एक पंखा करकरत होता. प्रतिमाअक्कांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्यांच्याबद्दल एक अक्षरही बोलायचं नाही, असं त्यांनी उठतानाच ठरवलं होतं. दामोदरराव मोराच्या पिसाऱ्यावरची नसलेली धूळ बोटानं पुसत उभे होते. कान लाल झाले होते. ऋतुराज एकदा सरांकडे, एकदा आंटींकडे बघत होता.

"हिनंच केलंय," शेवटी दामोदरराव म्हणाले. "सगळं. मी नुसते निरोप लिहायचो." मग जरा थांबून, "आणि मी कँटीनला होतो. विमानाला आमचा हात लागला नाही कधी. इडल्या मात्र विचारा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग देवव्रत हसले, मग सगळेच. पण ज्या हसण्याला दामोदरराव चार महिने भीत होते, ते हे नव्हतं. "सर, इडल्यांचं खरंच विचारणार आहे," असं ऋतुराज म्हणाला. सर तो म्हणालाच.

पण प्रतिमाअक्कांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी सौम्याचा दंड धरला होता.

"आता मला सांग. एकच का? आणि मुळात का?"

"अम्मा, वरचा पंखा एका बाजूला फिरतो ना, तर हेलिकॉप्टरचं अंग उलट्या बाजूला फिरायला बघतं."

"का बरं?"

सौम्यानं विचारलं, "घरी मिक्सर आहे?"

"आहे की."

"बटण दाबलं की पहिल्या झटक्याला काय होतं?"

प्रतिमाअक्कांचा हात आपोआप पुढं आला, भांडं दाबून धरल्यासारखा. "हिसका देतो. अंग वळवतो."

"तोच हिसका. वर आकाशात धरायला हात नाही. म्हणून शेपटीला छोटा पंखा. तो शेपटीला एका बाजूला ढकलत राहतो. त्यानंच धरलेलं असतं. आणि तुमच्यासारखे दोन समोरासमोर लावले..."

"थांब, मी सांगते." प्रतिमाअक्कांनी डोळे मिटले. दोन्ही हात हवेत धरले, मिक्सरच्या दोन बाजूंना. एक इकडून ढकलतोय, एक तिकडून. "सारखाच जोर. म्हणजे दोघांचं भांडण, आणि मिक्सर फिरायला मोकळा!"

"सरी! अगदी बरोबर!" सौम्या म्हणाली.

दोघींच्या हसण्यानं टेबलावरची कागदी पाती हलली. इतक्या वर्षांनी, सांडग्यांच्या गच्चीपासून लागून राहिलेलं एक कुसळ निघालं होतं, आणि ते निघालं स्वतःच्या चुकीमुळं. ही चूक केली नसती तर या पोरीनं तोंड उघडलं असतं का? प्रतिमाअक्कांनी मनात देवाला नमस्कार केला. मग ऋतुराजकडे चिमटा मागितला.

"काढून टाकू ना, आंटी? पाच मिनिटांचं काम आहे. कुणाला कळणारही नाही," तो म्हणाला.

त्यांनी तीन हेलिकॉप्टरांचे जास्तीचे पंखे अलगद उचकटले. तिथं वाळलेल्या गोंदाचा पांढरा ठिपका राहिला, त्यावर लाल रंगाचं बोट फिरवलं. चौथं हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं.

"हे असू दे."

"का?"

"लोकांना शोधू दे की. कार्डावर लिहा, चारांतल्या एकात चूक आहे, ओळखा. आणि का चूक ते सांगा."

ऋतुराजनं जुनं कार्ड फाडलं. नवं लिहायला घेतलं. चुकीचं वाक्य लिहून झालं आणि पेन पुन्हा अडलं. "नाव, आंटी? पूर्ण?"

"प्रतिमा दामोदर देसूरकर." मग नवऱ्याकडे बघून, "असंच लिहायची पद्धत आहे म्हणून हो, नाहीतर म्हणाल..."

"मी काय म्हणतोय," दामोदरराव म्हणाले. "माझं मधे आलं, पुष्कळ झालं."

शनिवारी प्रदर्शन उघडलं. प्रतिमाअक्का ठेवणीतली साडी नेसून, गजरा माळून टेबलामागं बसल्या. गर्दी इतर विमानांपाशी यायची आणि पुढं जायची. त्यांच्या टेबलापाशी अडायची. लोक वाकायचे, बाजू बदलायचे, आपसात भांडायचे. मोराची चोच वाकडी आहे, म्हणाले. काच निळी हवी, म्हणाले. दोन बाया 'आत कुणाची तरी लग्नपत्रिका आहे' हीच चूक समजून पुढं गेल्या. पंख्यांवर बोट ठेवणारे दुपारपर्यंत सातजण निघाले, पण 'का' विचारलं की त्यातले सहा डोकं खाजवायचे. मग प्रतिमाअक्का हात पुढं करून मिक्सर लावायच्या. दामोदरराव शेजारी बसून रांग लावायचं काम बघत होते. रांग लावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

चारच्या सुमाराला हॉलचे वायरमन आप्पाजी शिडी घेऊन आले. करकरणारा पंखा त्यांना बघायचा होता. शिडी टेबलाशेजारी लावून ते वर चढले, तेल घातलं, उतरताना दोन पायऱ्यांवर थांबले आणि वरूनच हेलिकॉप्टरांकडे बघत राहिले.

"अक्का," ते म्हणाले, "तिसऱ्यात चूक आहे."

"तिसऱ्यात नाही, अण्णा. चौथ्यात."

"चौथ्याचं मला माहीत नाही. मी पंखेवाला. या तिसऱ्याच्या वरच्या पंख्याचं एक पातं बघा. तीन पात्यांचा उतार इकडे, याचा तिकडे. हे तिघं वारा खाली मारणार आणि हा एकटा वर. थरथरेल नुसतं."

प्रतिमाअक्का उठल्या. उभ्याउभ्या बघितलं तेव्हा दिसलं नाही. म्हणून त्यांनी हेलिकॉप्टर उचललं, उलटं केलं, डोळ्यांसमोर धरलं. तीन पाती एका कलाची. चौथं उलट्या.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर असं काही हसू आलं, की रांगेतली माणसं पुढं सरकली. "उतरा खाली, अण्णा. बसा इथं. थरथरेल म्हणजे कसं? सगळं अंग का नुसतं पातं?"

आप्पाजी उतरले, पान्हा खिशात घालून खुर्ची ओढून बसले.

दामोदररावांनी कार्ड हातात घेतलं, पेन उघडलं. "आता काय लिहू? दोनांत चूक आहे?"

"थांबा हो जरा," प्रतिमाअक्का पहिलं हेलिकॉप्टर उलटं करत म्हणाल्या. "आधी बाकीची बघू दे."